पस्तीस इंच

स्टेजला पाच पायऱ्या, प्रत्येक पायरी सात इंच. सुतारानं टेप दोनदा लावून पाहिला. पस्तीस इंच.

"फोनवर तर एकच पायरी म्हणालात," तो हॉलच्या व्यवस्थापकाला म्हणाला.

"हॉलला एकच आहे. स्टेजचं तुम्ही विचारलंच नाहीत."

धाकट्या लेकीचं लग्न दोन तासांवर आलं होतं. हुज्जत घालायला वेळ नव्हता. चाकाच्या खुर्चीला एक इंच चढायला एक फूट उतार, हे सुतारानं झोपेतही सांगितलं असतं. म्हणजे पस्तीस फूट हवेत. आणि स्टेजपासून समोरच्या भिंतीपर्यंत जागा होती जेमतेम बारा फूट.

तरी तो दुकानावर गेला, टेम्पोत प्लाय, फळ्या आणि स्क्रूची डबी टाकून परत आला. लग्नाच्या नव्या कपड्यांनिशी गुडघ्यांवर बसला आणि तासाभरात उतार ठोकून मोकळा झाला.

थोरल्या लेकीची मुलगी तो बघायला आली. दहा वर्षांची, पायांत बळ नाही, पण चाकाची खुर्ची अशी गर्रकन वळवायची की घरात सगळे तिला भिंगरीच म्हणत. खुर्चीच्या दोन हातांवर आजोबांनी एक लाकडी फळी बसवून दिली होती. तीवर ती लिहायची, जेवायची, चित्रं काढायची. मावशीनं, म्हणजे आजच्या नवरीनं, महिन्यापूर्वीच सगळ्यांना ऐकवून ठेवलं होतं, "लग्नाच्या नोंदवहीवर आमच्या सह्या होतील त्या भिंगरीच्या फळीवर." तेव्हापासून पोरगी रोज फळी पुसत होती.

भिंगरीनं उतार खालून वरपर्यंत पाहिला.

"आजोबा, ही घसरगुंडी आहे."

"थांब, चढून दाखवतो." सुतार तरातरा निघाला आणि अर्ध्यावर त्याचाच बूट सटकला. पोरगी खुदकन हसली. तोही हसला, पण उगीच.

व्यवस्थापक घड्याळ बघत आला. "कशाला एवढा खटाटोप? माझी दोन माणसं उचलून ठेवतील तिला वर. दोन मिनिटांचं काम."

"ठेवतात ते सामान," भिंगरी म्हणाली. मग जरा हळू, "मी खालीच थांबते. वही वर टेबलावर ठेवा."

तिनं आवाज चढवला नाही. फळीवरचे हात मात्र मांडीवर घेतले.

गिऱ्हाइकाला "जमणार नाही" म्हणून सुतारानं चाळीस वर्षांत परत पाठवलं नव्हतं. तो खाली बसला आणि लावलेले स्क्रू काढू लागला.

अर्धे केस विंचरलेली नवरी तशीच बाहेर आली. तिच्यामागे हातात पिना धरून आत्या.

"बाबा, किती कमी पडतंय?"

"तेवीस फूट."

"मग भिंत पाडावी लागेल."

"आणि शेजारच्याचं स्वयंपाकघरही."

नवरीनं स्टेजकडे पाहिलं. फुलं, दिवे, मधोमध मखमली कोच. मग भाचीकडे पाहिलं. "हिला चढता येत नाही. मला तर उतरता येतं ना? मग सह्या खालीच होतील. हॉलच्या मधोमध."

"अगं, वेड लागलंय का?" आत्या उसळली. "मागच्या लोकांना काय दिसेल? तुझा अंबाडा?"

"चारी बाजूंनी खुर्च्या मांडल्या तर मागचे कुठले?"

"आणि जावईबापूंना विचारलंस का?"

"त्याला काय विचारायचं? तो कोचावर बसून सगळ्यांना दिसण्याच्या धास्तीनं तीन दिवस नीट जेवला नाहीये."

सुतार उठला. गुडघे झाडले. "चला रे, खुर्च्या उचला," त्यानं हाक दिली, आणि पहिल्या दोन स्वतःच उचलल्या.

सह्यांच्या वेळी माणसांचं गोल कडं झालं होतं. मध्ये भिंगरी, तिच्या फळीवर वही, दोन्ही बाजूंना नवरा-नवरी. नवरा फळीवर कोपर टेकवून सही करायला वाकला.

"टेकू नका काका, फळी हलते," भिंगरीनं दटावलं. "आणि खाडाखोड नकोय."

सगळा हॉल हसला. नवराही हसला, आणि त्याची सही झोकात आली. साक्षीदार म्हणून सुतारानं सही केली तेव्हा मात्र अक्षर वाकडंतिकडं झालं. ज्या फळीला त्यानं हातानं रंधा मारला होता, तिच्यावर लिहिताना त्याचे डोळे भरून आले होते. नातीनं ते पाहिलं आणि वही मुकाट्यानं पुढे सरकवली.

आत्या तेवढ्यात पायऱ्या चढून वर गेली आणि मखमली कोचावर ऐसपैस बसली. "इथनं झकास दिसतंय गं!" ती वरून ओरडली.

भेटायला येणाऱ्यांची रांग लागली. रांगेत पुढे नवऱ्याची आजी होती, चार पायांच्या काठीवर रेलत, एकेक पाऊल टाकत. भिंगरीनं खुर्ची गर्रकन मागे घेऊन तिला वाट करून दिली.

"घरात एवढी लग्नं झाली," आजी धापा टाकत म्हणाली. "मी आपली खालूनच हात हलवायची आणि जेवायला जायची." तिनं काठी सुताराच्या हातात दिली, नवरीचा चेहरा ओंजळीत धरला आणि अगदी जवळून न्याहाळला.

"अगंबाई," ती म्हणाली, "तुझ्या गालावर तीळ आहे होय!"