पाय रेषेवर

हंगामातली पहिलीच स्पर्धा, दिवसातली तिसरी मॅच, आणि आम्ही दोन-बाराने मागे. बाळंतपणानंतर कॉलेजच्या फ्रिस्बी टीममधून मी पहिल्यांदाच उतरले होते. पाय जड झाले होते आणि निम्मं लक्ष मैदानाबाहेर, नवऱ्याच्या खांद्यावर पेंगणाऱ्या पिल्लाकडे होतं. तरी मनातून खूश होते. दर वेळी मी मोकळी सापडत होते, म्हणजे माझा वेग अजून शाबूत होता.

कॅप्टनने तबकडी फेकली आणि मी ती झेलली, पण पाय गोलच्या रेषेवरच पडला; गोल मिळायला तो रेषेच्या आत पडावा लागतो. आमच्या खेळात पंच नसतो. जिचं तिनंच खरं सांगायचं.

"आतच होता, ताई. घ्या गोल," मला अडवायला नेमलेली समोरच्या टीममधली मुलगी म्हणाली.

"रेषेवर होता. तू पाहिलंस."

"असू दे हो. आमचं आधीच ठरलंय, बाळवाल्या ताईंच्या मागे जोरात पळायचं नाही."

मी पाय रेषेवरून मागे घेतला.

"गोल नाही!" मी ओरडून सांगितलं.

"अगं बाई, म्हणजे अजून पळायचं?" आमच्यातली एक कण्हली.

तबकडी माझ्याच हातात राहिली. ती मुलगी मग दोन्ही हात पसरून अगदी नाकासमोर येऊन उभी राहिली आणि दहा मोजायच्या आत मी तबकडी फेकायची या नियमाप्रमाणे मोजायला लागली. मॅच सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच मला कुणीतरी अडवत होतं.