हिंदुरावाची करंगळी

गुळव्या हिंदुरावाने अक्काताईंनी आणलेल्या, एकाच्या हाताचं कसब भरून घेऊन दुसऱ्याचा हात चालवणाऱ्या हातमोज्याला तीन वर्षं हात लावला नव्हता. "काहिलीतला रस कधी उतरवायचा, ते माझ्या हाताला कळतं. ते मोज्यात भरून गावभर वाटायला मी काय खुळा हाय?"

पण दहा वर्षं त्याच्याच चुलवाणाला जाळ घालणाऱ्या श्रीपतीने आपला हात मोज्यात भरून दिला, आणि आता चाळीस गुऱ्हाळांत श्रीपतीचा हात गूळ करत होता. आज तर अक्काताई, खुद्द मालकीण, शेजारच्या गुऱ्हाळातली ढेप दाखवून म्हणाल्या, "मामा, श्रीपतीच्या हाताचा गूळ बघा, कसा सोन्यासारखा!" हिंदुरावाच्या अंगाचा तिळपापड झाला.

दुपारी सगळे जेवायला गेल्यावर, श्रीपतीच्या हाताची खोट काढायचीच म्हणून त्याने मोजा चढवला. मोज्याने त्याचा हात उचलला, उकळत्या रसाचा थेंब पाण्यात सोडला, गोळी चिमटीत धरली आणि करंगळी अलगद दुमडली.

हिंदुराव जागीच थिजला. लहानपणी काहिलीला भाजल्यापासून करंगळी दुमडून धरायची सवय त्याची होती. श्रीपतीची करंगळी तर धडधाकट होती!

तो मोज्यासकट तसाच अक्काताईंकडे धावला. "आत्ताच्या आत्ता माझाबी हात भरून घ्या!"

अक्काताईंनी खुशीत कळ दाबली. मोजा क्षणभर घुमला आणि गोड आवाजात म्हणाला, "हा हात आधीच भरून घेतलेला आहे. तो श्रीपती यांचा आहे."