दुधाशिवाय

बुद्धपौर्णिमेला समोरच्या फ्लॅटमधली मैत्री खिरीचा डबा घेऊन दारात आली. वृंदाने डबा हातात घेतलाच नाही. "अगं, आमच्या ईशानला दुधाची ॲलर्जी आहे. घरात दुधाचं काही आणतच नाही आम्ही."

दार लागल्यावर नवऱ्याने विचारलं, "ही ॲलर्जी कधी झाली त्याला?"

"मग काय, त्यांच्या घरचं खायचं?"

त्यानंतर मैत्री ईशानसाठी मुद्दाम वेगळं करून आणू लागली. कधी नारळाच्या दुधातली खीर, कधी तुपाऐवजी तेल घालून वळलेले नाचणीचे लाडू. "निर्धास्त द्या ताई, त्याची भांडीसुद्धा वेगळी ठेवलीत." वृंदा हसून घ्यायची आणि परस्पर वॉचमनला देऊन टाकायची. सकाळी मात्र मैत्रीचं दार उघडायच्या आत दुधाची पिशवी उचलायला धावायची.

पंधरा ऑगस्टला सोसायटीत झेंडावंदन झालं, पेढे वाटले. ईशानने पेढा तोंडाशी नेला, तोच मैत्रीने धावत येऊन तो हिसकावून घेतला. "अरे, तुला दूध चालत नाही ना?"

"मला? मी तर रोज दूध पितो, काकू."

सगळे वृंदाकडे बघायला लागले. तिला मान वर करवेना. मैत्रीला कळायला एक क्षण लागला. मग तिने पेढा परत ईशानच्या हातात ठेवला.

"ताई, आम्ही घरात दूध बंद केलं होतं," ती हळूच म्हणाली. "हा कधी आमच्याकडे खेळायला आला, तर चुकून पोटात जायला नको म्हणून."