लोगीची मुलगी

आयझॅकने पुस्तकाच्या कव्हरचा नमुना टेबलावर ठेवला आणि तो मोहनच्या चेहऱ्याकडे पाहत राहिला. वर एडिंबराचा किल्ला, मध्ये ‘डॉक्टर हेक्टर लोगी : चरित्र’, खाली एकच नाव. आयझॅकचं.

“देखणं झालंय,” मोहन म्हणाला.

लोगी हा सतराव्या शतकातला स्कॉटिश डॉक्टर. तो मोहनचा शोध. दोघं नॉटिंगहॅमच्या एकाच हॉस्पिटलात नोकरीला होते, तेव्हा कँटीनमध्ये सँडविच खाता खाता त्यानेच आयझॅकला लोगीबद्दल पहिल्यांदा सांगितलं होतं. रिटायर झाल्यावर दोघांनीही त्याच्यावर लिहायला घेतलं. मोहनचं दुसऱ्या प्रकरणात अडलं ते अडलंच. आयझॅकचं सरसर पुढे गेलं. आभाराच्या पानावर मोहनचं नाव होतं. लायब्ररीतल्या लोकांच्या नंतर.

“शेवटचं प्रकरण ऐक,” आयझॅक वाचू लागला. एडिंबरात प्लेग आला. बडे लोक पळाले. लोगी मात्र दारोदार आजाऱ्यांना तपासत फिरत राहिला. चहा घेऊन आलेली त्याची बायको, लिली, दारातच थांबली आणि तिने डोळे पुसले.

माझं लिखाण ऐकताना वैजयंती कधी अशी थांबली नाही, मोहनच्या मनात आलं.

मे महिन्यात तो आणि वैजयंती, दोघं नवरा-बायको, स्कॉटलंडला, फाइफकडे फिरायला गेले होते. समुद्रकाठच्या एका खेड्यात, चर्चच्या मागे, त्याने एका बुटक्या दगडावरचं शेवाळ नखाने खरवडलं होतं. ‘मार्गरेट, डॉक्टर हेक्टर लोगीची लेक. बापाने साथीतून इथे आणली. इथेच गेली.’ खाली प्लेगचं साल. म्हणजे लोगी पळाला होता. मुलीला उचलून पळाला होता, आणि तरी ती वाचली नव्हती. फोटो अजून मोहनच्या फोनमध्ये होता. आता आपलं पुस्तक होणार, असं त्याला त्या दिवशी वाटलं होतं. घरी आल्यावर चार ओळीही झाल्या नाहीत.

“एक रुखरुख राहिली बघ,” आयझॅक पानं जुळवत म्हणाला. “त्याला एक मुलगी होती. तिचं पुढे काय झालं, पत्ताच लागत नाही. ती सापडली असती ना, तर हा माणूस मला खरा कळला असता. उद्या सगळं प्रेसला जाणार. तू फाइफला गेला होतास ना रे? लोगीची सासुरवाडी तिकडचीच. काही दिसलं का?”

मोहनने हातातला कप खाली ठेवला. फोन शर्टाच्या खिशात होता.

“नाही रे,” तो म्हणाला. “एक जुनं चर्च आहे. बाकी नुसतं गवत.”

आयझॅकने चष्मा काढून डोळे चोळले. त्याचा चेहरा एकदम सैलावला.

“तू बघितलंस म्हणजे नसणारच,” तो म्हणाला. “आता बिनघोर छापतो.”