बाबांची कॉट

मुलगा बिऱ्हाड घेऊन परदेशात निघाला, तेव्हा आपण मागेच राहणार हे बाबांनी मनाशी धरून ठेवलं होतं. पण ऐनवेळी तोच म्हणाला, "बाबा, तुम्हीपण चला. तुमची गाडीही घेऊ बरोबर." बाबांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. दिसेल त्याला सांगत सुटले, "पोरगं मला मागे ठेवायला तयारच नाही हो!"

गाडी कंटेनरमध्ये चढली तेव्हा बाबा जातीनं हजर होते. बॅटरीची वायर काढली का, चाकांना पट्टे नीट आवळले का, सगळं डोळ्यांत तेल घालून बघत होते. गाडीच्या मागे कपाटं, फ्रिज, भांड्यांची खोकी रचली गेली. हमालांनी बाबांची कॉट उचलली, तशी सूनबाई म्हणाली, "ती राहू द्या. बाबांना तिकडे नवी घेऊ." बाबा मनातल्या मनात सुखावले.

दीड महिन्यानं तिकडच्या बंदरावर गाडी उतरली. खिडकीतल्या कारकुनानं बाबांचा पासपोर्ट गाडीच्या कागदांशी ताडून पाहिला, पाच-सहा सह्या घेतल्या. "गाडीचा मालक स्वतः इथं राहायला आलाय म्हटल्यावर जकात माफ," म्हणत त्यानं शिक्का मारला.

मुलानं कागद खिशात घातले. बाबांना गाडीत पुढच्या सीटवर बसवलं, पट्टा लावून दिला.



"रविवारचं तुमचं परतीचं तिकीट आहे, बाबा. म्हणून तर कॉट घरी ठेवली ना."