पैसे आधी, फाइल नंतर

“नाही, नाही, ही अट काढूच नका,” फोनवरचा माणूस घाईघाईने म्हणाला. “उलट जरा ठळक करा.”

ती गोंधळली. एका हाताने ती मांडीवरच्या छकुलीला थोपटत होती, दुसऱ्या हातात फोन होता. नव्या ग्राहकाला ती कामाआधी आपल्या अटी कळवायची. अर्धे पैसे आधी, उरलेले काम झाल्यावर, आणि ते आल्याशिवाय अनुवादाची फाइल मिळणार नाही. या शेवटच्या अटीवर सगळेच नाक मुरडत. दोनदा फुकट राबून हात चोळत बसल्यावर तिने ती घातली होती. तरी कोणी आवाज चढवला की तीच अट ती मुकाट्याने मागे घ्यायची. हा माणूस मात्र अट ऐकून खूश झाला होता.

तो एका कारखान्याच्या कचेरीतला कारकून होता. वसाहतीतल्या कामगारांच्या कुटुंबांना द्यायची एक नोटीस त्याला त्या लोकांच्या भाषेत करून हवी होती. ती भाषा तिला माहेरून आलेली. घासाघीस न करता त्याने अर्धे पैसे त्याच दिवशी पाठवले.

छकुलीच्या दुपारच्या झोपांमध्ये तिने काम उरकलं. महिनाभरात घरं रिकामी करा, एवढाच त्या पानांचा अर्थ. लिहायला नको वाटत होतं, पण पत्करलेलं काम होतं. तयार आहे, म्हणून तिने कळवलं.

पैसे आले नाहीत.

तिने फोन केला. “तुमचं अगदी बरोबर आहे,” कारकून म्हणाला. “पैसे येईपर्यंत फाइल बिलकूल देऊ नका हं.”

दोन दिवसांनी पुन्हा केला. “बाई, तुम्ही फार मऊ बोलता. एक चांगलं खरमरीत पत्र पाठवा ना!”

पैसे बुडवणारे तिने पाहिले होते. फोन न उचलणारे, ऐन वेळी आजारी पडणारे, उलट तिच्यावरच डाफरणारे. हा पहिल्या घंटेला फोन उचलत होता आणि वर बोलणी खायला मागत होता.

“त्याला तुझा आवाज आवडला असेल,” कपड्यांच्या घड्या घालता घालता सासूबाई म्हणाल्या.

“आई, काहीतरीच काय!”

“मग भामटा असेल. भामटे गोड बोलतात. तुझे सासरेसुद्धा लग्नाआधी फार गोड बोलायचे.”

ती हसली, पण हसू टिकलं नाही. एका प्रकाशकाचं अख्खं पुस्तक तिच्याकडे चालून आलं होतं. त्याला सलग वेळ हवा. पाळणाघरवाल्या ताईंनी छकुलीची जागा शनिवारपर्यंत धरून ठेवली होती, आणि पहिली फी या उरलेल्या पैशांतून जायची होती. जागा गेली की पुस्तकही गेलं.

शुक्रवारी तिने हात टेकले. माणूस सभ्य वाटतो, फाइल हातात पडली की लाजेकाजेस्तव तरी देईल, असं तिने ठरवलं. “जाऊ दे,” ती फोनवर म्हणाली. “मी आत्ता फाइल पाठवते. पैसे तुम्ही लवकर बघा.”

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग दार लोटल्याचा.

“असं नका करू, बाई. पाया पडतो तुमच्या.” त्याचा आवाज एकदम खाली आला होता. “नोटीस त्यांच्या भाषेत हातात पडली, की तिथून महिना धरतात. पोरांच्या वार्षिक परीक्षा त्यानंतर आहेत. आत्ता घरं सोडावी लागली तर सगळ्यांचं वर्ष जाईल. तुमच्या पैशांचा कागद माझ्याच टेबलावर आहे. तो मी सरकवत नाही. साहेबांना सांगतो, बाई फार कडक आहे, पैशांशिवाय ओळसुद्धा दाखवत नाही. अजून पंधरा दिवस तेवढे काढायचेत.”

“मीच का सापडले तुम्हाला?”

“चौघांना विचारलं होतं. सगळे आधी फाइल देतात. तुमच्याइतकं कडक कोणी मिळालं नाही.”

कडक! तिला घरात छकुलीसुद्धा जुमानत नव्हती. हसावं की संतापावं, तिला कळेना.

“आणि माझ्या पोरीचं काय?” तिच्या तोंडून निघून गेलं. “तिची जागा उद्या जाते.”

“तुम्हाला पोर आहे हे माहीत नव्हतं,” तो म्हणाला. “मग तुम्ही म्हणाल तसं.” आणि फोन ठेवून दिला.

त्या दिवशी तिचं कशातच लक्ष लागलं नाही. भाजीत दोनदा मीठ पडलं. वसाहत तिने पाहिलीसुद्धा नव्हती.

शनिवारी सकाळी अनोळखी नंबरवरून फोन आला. खुद्द साहेब होते.

“काय पोरखेळ लावलाय? त्या कारकुनाला बाजूला केलंय मी. आता दुसरा अनुवादक शोधायला वेळ नाही. तुमचे पैसे या मिनिटाला खात्यात टाकतोय. ताबडतोब फाइल पाठवा.”

शब्द खोलीभर ऐकू येत होते. सासूबाईंनी सुटल्यासारखे हात जोडले. छकुली तिच्या पदराला लोंबकळत होती. तिने तिला उचलून कडेवर घेतलं.

“खात्यात नका टाकू, साहेब,” ती म्हणाली. “टाकलेत तर परत पाठवीन.”

“म्हणजे? अर्धे तर खात्यातच घेतलेत!” साहेबांचा आवाज चढला.

“पहिले अर्धे घेते मी खात्यात. उरलेले चेकनेच. टपालाने पाठवा. वटला, की फाइल देते.”