वीस पत्ते

“काय म्हणतायत?” मिहिरनं दारातूनच विचारलं.

अंबिकाबाईंचा तळहात व्यंकटरावांच्या बोटाखाली होता. त्या थोडा वेळ तशाच थांबल्या. “म्हणतायत, पडेगावला जायचं नाही. इथंच बरंय.”

“परवाही हेच. त्याच्या आधीही हेच.”

“मग माणूस काय रोज मत बदलतो?”

अर्धांगवायूनं व्यंकटरावांची, म्हणजे मिहिरच्या अण्णांची, वाचा गेली, त्याला आठ महिने झाले होते. समोरचं त्यांना कळतं की नाही, हे डॉक्टरही सांगू शकत नव्हते. डाव्या हाताचं एक बोट तेवढं हलायचं, तेही इतकं हलकं की बघणाऱ्याला दिसू नये. ते बोट तारेच्या लिपीत बोलतं, असं फक्त आई सांगायची.

तिनं सांगावं, असं कारणही होतं. शहराचं नाव औरंगाबाद होतं, तेव्हा ती इथल्या तारघरात कामाला होती आणि व्यंकटराव जालन्याच्या. एकमेकांचं तोंड पाहण्याआधी दोन वर्षं ते एकमेकांचा यंत्रावरचा हात ओळखत होते. यंत्राचं कडकट्ट सुरू झालं की दोन अक्षरांत तिला कळायचं, आज स्वारीला ताप आहे. तारघरातला नियम साधा होता. तार आली तशी पुढं द्यायची, पदरचं एक अक्षर घालायचं नाही.

मिहिरला मात्र संशय होता, की आई आता सगळंच पदरचं घालते आहे.

गेल्या महिन्यात अण्णांना कुशीवर वळवताना ती पलंगाशेजारी कोसळली होती. गारखेड्याच्या त्या फ्लॅटमध्ये तासभर ती फरशीवर आणि अण्णा तिच्याकडे बघत पलंगावर. हृदयाच्या डॉक्टरांनी बजावलं, पुन्हा वजन उचललंत तर आमच्याकडे येऊ नका. दोन बायका कामाला ठेवल्या, दोघींनाही तिनं घालवलं. पडेगावच्या शुश्रूषा केंद्रात एक खाट रिकामी झाली होती. रविवारपर्यंत कळवायचं होतं.

“माझं काही नाही रे,” ती म्हणायची, “पण हे नाही म्हणतायत ना.”

उस्मानपुऱ्यात राहणारा बुद्धभूषण मिहिरचा शाळेपासूनचा मित्र. विद्यापीठात तो माहिती नावाच्या गोष्टीचं गणित शिकवायचा. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

“काकू काय सांगणार, हे तुला आधीच ठाऊक असतं. मग त्यातून तुला माहिती किती मिळाली? शून्य. आपली शंका जेवढी कमी होते, तेवढीच माहिती, राव. असं काहीतरी विचार, जे अण्णांना ठाऊक आणि काकूंना नाही. पत्ते घे. लाल की काळा, एवढंच. वीस वेळा.”

“किती बरोबर आले तर खरं मानू?”

“सोळाच्या वर गेले तर मी स्वतः येऊन काकूंच्या पाया पडतो. लई दिवस झाले त्यांच्या हातची भाकरी खाल्ली नाही.”

रविवारी सकाळी मिहिरनं पत्त्यांचा नवा जोड आणला. काचेच्या कपाटावर चादर टाकली, भिंतीवरचा आरसा काढला, स्वतःचा चष्माही खिशात ठेवला. आईला त्यानं पाठमोरं बसवलं, तळहात तेवढा मागं अण्णांच्या बोटाखाली.

“माझी झडती पण घे,” ती म्हणाली.

“आई, चिडू नकोस.”

“नाही चिडत. पण मी पास झाले तर पडेगावचं नाव काढायचं नाही.”

“नाही काढणार.”

“आणि नापास झाले तर?”

“तर अण्णा उद्याच जातील.”

व्यंकटरावांची नजर आळीपाळीनं दोघांवरून फिरली. निदान मिहिरला तसं वाटलं.

त्यानं पहिला पत्ता अण्णांपुढं धरला. बदामची छक्की.

“काळा,” ती म्हणाली.

मिहिरनं कागदावर फुली मारली. दुसरा पत्ता इस्पिकचा.

“लाल.”

फुली. आई न अडखळता सांगत गेली आणि तो फुल्या मारत गेला. विसावा पत्ता झाल्यावर त्यानं कागद तिच्यापुढं ठेवला.

“एकही नाही, आई.”

“परत लाव.”

“नको आता.”

“एकही नाही? अरे, इतकं स्वच्छ येत होतं! कितीतरी दिवसांत इतकं स्वच्छ आलं नव्हतं.” ती आपल्या तळहाताकडं बघत राहिली. “मग आठ महिने मी कुणाशी बोलत होते?”

सोमवारी रुग्णवाहिका आली. आईनं अण्णांचे कपडे घडी करून दिले आणि वाद घातला नाही.

बुधवारी दुपारी उस्मानपुऱ्यात चहा घेताना बुद्धभूषण हसत म्हणाला, “काय मग? येऊ का पाया पडायला?”

“गरज नाही. शून्य.”

“शून्य म्हणजे?”

“वीसपैकी एकही बरोबर नाही. सगळं तिच्या मनातलंच होतं.”

बुद्धभूषणनं कप खाली ठेवला. “राव, मनातलं सांगितलं असतं तरी आठ-दहा बरोबर आले असते. वीसच्या वीस चुकवायचे, तर वीसच्या वीस ठाऊक असावे लागतात.”

मिहिर चहा तसाच टाकून उठला.

पडेगावला पोचला, तेव्हा आई अण्णांच्या खाटेजवळ खुर्चीवर बसली होती. हात स्वतःच्या मांडीवर. मिहिरनं खोलीचं दार लावून घेतलं.

“तू मुद्दाम उलटं सांगितलंस. प्रत्येक पत्ता. थकली होतीस, तर सरळ बोलायचं होतंस ना माझ्याशी. मला कशाला फसवलंस?”

“मी?” अंबिकाबाई त्याच्या तोंडाकडं बघत राहिल्या. “मला तर जिंकायचं होतं रे. बोटातून आलं तसंच पुढं दिलं.”

दोघांनी एकदमच खाटेकडं पाहिलं. व्यंकटरावांनी घाईनं डोळे मिटून घेतले.